मागचं दार

मराठीत 'मागचं दार' या शब्दाला फारसा चांगला वास नाही. मागच्या दाराने झालेली नेमणूक, मागच्या दाराने आलेला पैसा, असं म्हणताना आपण नाक मुरडतो. आज मी ज्या मागच्या दाराविषयी बोलणार आहे, त्यालाही वास होताच. पण तो खराखुरा, डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा. आमच्या जुन्या गाडीच्या डिकीचं ते दार. ते मी बदललं, तेही भंगारातून आणलेलं दुसरं दार लावून. त्याचीच ही हकिगत. माझं नाव ऐकून कविता ऐकायला मिळेल असं ज्यांना वाटलं असेल, त्यांची आधीच माफी मागतो. मी बी. ए. केलं ते मराठी घेऊन. पाना-स्क्रू ड्रायव्हरशी माझी ओळख उतारवयातली आहे. त्यामुळे इथे जे सांगणार आहे, ते मिस्त्रीच्या शेजारी बसून, बॅटरी धरून शिकलेलं आहे.

गाडी टाटांची एस्टेट. तरुण मंडळींना हे नाव कदाचित आठवणार नाही. टाटांचा मोटारीचा कारखाना तेव्हा 'टेल्को' म्हणून ओळखला जाई. पुण्याच्या त्या कारखान्यातून १९९१ साली सिएरा आली आणि १९९२ साली ही एस्टेट. पुढून मोटार आणि मागून लांबलचक सामानाची खोली, अशी तिची ठेवण. अशा गाडीला अमेरिकेत 'स्टेशन वॅगन' म्हणतात, कारण रेल्वे स्टेशनवरून उतारू आणि त्यांच्या ट्रंका आणायला त्या वापरत. इंग्लंडात तिलाच 'एस्टेट' म्हणतात, म्हणजे शेतीवाडीवर, इस्टेटीवर चालणारी गाडी. आपल्याकडे स्टेशनही होतं आणि वाडीही होती, पण लोकांना डिकी वेगळी असलेलीच गाडी 'खरी' वाटायची. त्यामुळे ही जात आपल्याकडे फारशी रुजली नाही. एस्टेट बनणं थांबून आता दोन दशकांहून जास्त काळ लोटला आहे.

आमची गाडी १९९६ सालची. माझ्या थोरल्या भावाची, भाईजानची. कापडाचा धंदा होता. कऱ्हाडहून आठवड्याच्या बाजारांना गठ्ठे घेऊन जायचे. गाडीच्या मागच्या दारातच त्यांचं दुकान मांडलं जायचं. दार वर उचललं की ते छप्पर व्हायचं, खाली गठ्ठे उघडायचे. पावसाची भुरभुर आली तरी गिऱ्हाईक त्या दाराखाली उभं राहून खणाचा पोत बघायचं. भाईजान गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. मागच्या काचेवर त्यांनी पेंटरकडून लिहून घेतलेलं दुकानाचं नाव अजून आहे. अक्षरं अर्धी उडाली आहेत, पण वाचता येतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग. २०११, २०१६ आणि २०२१, अशी तीनदा ती पास झाली. "आता पुरे झालं, भंगारात द्या," असं माझी पत्नी २०२१ पासूनच म्हणत होती. तिचं चुकत होतं असं नाही.

२०२३ च्या दिवाळीत बाजारात एक टेम्पो मागे घेताना गाडीवर आला. मागच्या दाराची डावी खालची बाजू आत गेली. काच वाचली. एका गॅरेजवाल्याने दार ठोकून सरळ करून दिलं, वरून लांबी भरली, रंग मारला. लांबी म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायची ती पुट्टी. दार बंद होत होतं, कुलूप लागत होतं. मी पैसे दिले आणि विसरलो.

त्यानंतर आमच्या धाकट्या मुलीला गाडी लागायला लागली. ती मागच्या सीटवर बसते. माझी सासुरवाडी चिपळूणची, त्यामुळे कुंभार्ली घाट आम्हांला पाठ आहे. घाटात मुलांना मळमळतं, यात नवल काय? आम्ही आल्याची गोळी दिली, लिंबू हातात दिलं, पुढच्या खिडक्या उघड्या ठेवल्या. तरी ती डोकं धरून बसायची. खिडक्या उघडल्या की जास्तच. २०२४ च्या रमजान ईदला आम्ही निघालो, तेव्हा पाटणच्या आधीच, सरळ रस्त्यावर, तिला उलटी झाली. गाडी थांबवून तिला खाली उतरवलं. पाच मिनिटांत ती ताजीतवानी. परत बसली की पुन्हा डोळे मिटून मलूल. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की हा घाट नाही, हे दुसरंच काहीतरी आहे.

ईदनंतर आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मागचं दार वर केलं, आतल्या काठावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. काळंकुट्ट.

"सर, ह्ये दार बंद हुतंय," ते म्हणाले, "पर बसत न्हाई."

बंद होणं आणि बसणं यांतला फरक मला पन्नाशी ओलांडल्यावर कळला. तो कसा, ते जरा समजावून सांगतो, कारण जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवं.

गाडी पळते तेव्हा ती हवेला बाजूला सारत जाते. पुढे हवा दाबली जाते आणि मागे पोकळी राहते, म्हणजे दाब कमी होतो. गाडीची पाठ उतरती असेल तर हवा तिच्यावरून बऱ्यापैकी सरकते. पण स्टेशन वॅगनची पाठ भिंतीसारखी उभी. तिच्यामागे हवेचे भोवरे उठतात. मातीच्या रस्त्यावर अशा गाडीच्या मागच्या काचेवर धुळीचा थर का बसतो, याचं कारण हेच. आणि धुराची नळी नेमकी तिथेच, खाली. म्हणजे गाडीने सोडलेला धूर तिच्याच पाठीशी घुटमळतो. दार घट्ट बसलेलं असेल तर बिघडत नाही. पण बोटाच्या नखाएवढी फट राहिली, तर धुराला आत यायला तेवढीही पुरते.

आता पुढच्या खिडक्यांची गोष्ट. आपल्याला वाटतं, खिडकी उघडली की बाहेरची ताजी हवा आत येते. पण धावत्या गाडीत उघड्या खिडकीतून आतली हवा बाहेरही ओढली जाते. मग ती जागा भरायला हवा कुठून येणार? जिथे फट आहे तिथून, म्हणजे मागून, धुरासकट. मुलीला बरं वाटावं म्हणून आम्ही खिडकी उघडत होतो आणि तिच्या मानेमागून धूर आत ओढत होतो. हे मिस्त्रींनी सांगितलं, तेव्हा मला काही वेळ बोलता आलं नाही.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला धरून शरीरभर नेतं, पण या वायूला ते प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. म्हणजे बसच्या सीटवर दुसऱ्याने रुमाल टाकून ठेवावा, तसं होतं. सीट दिसते, पण बसता येत नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची पहिली लक्षणं, आणि ती नेमकी गाडी लागल्यासारखीच असतात. डिझेलच्या गाडीत हा वायू पेट्रोलच्या मानाने कमी निघतो, हे खरं. पण काजळी आणि नायट्रोजनचे वायू भरपूर निघतात, आणि तेही छातीला चांगले नव्हेत. डिझेलचा निदान वास तरी येतो. पण 'जुनी गाडी म्हटल्यावर वास यायचाच,' असं म्हणून आम्ही त्या इशाऱ्याकडेही कानाडोळा केला होता.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोठं सामान बाहेर आलं म्हणून डिकीचं दार अर्धवट उघडं ठेवून, दोरी बांधून लांबचा प्रवास करू नका. आणि एखाद्याला ठरावीक गाडीतच 'लागत' असेल, खाली उतरल्यावर लगेच बरं वाटत असेल, तर आल्याच्या गोळीआधी गाडी तपासा.

मिस्त्रींनी आधी धुराची नळी पाहिली. एका जोडावर ती फुटली होती, ती बदलली. टोक बंपरच्या बाहेर येईल असं बसवलं. पण दाराचा प्रश्न उरला. लांबी खरवडली, तेव्हा खाली पत्रा चाळणीसारखा झालेला. खालच्या काठाला, जिथे पत्र्याची घडी असते, तिथे गंजाने कधीच घर केलं होतं. टेम्पोने फक्त ते उघडं पाडलं. नवं दार कंपनीचं मिळण्याचा प्रश्नच नव्हता. "एक तर गाडी मोडीत काढा, न्हाय तर कुर्ल्याला जावा," मिस्त्री म्हणाले. भंगारवाला गाडीचे पंचवीस हजार द्यायला तयार होता. घरात चर्चा झाली. पत्नीने एकच अट घातली: "मुलीला त्रास होणार नाही याची खात्री झाली तरच ती गाडी दारात उभी राहील." अट रास्त होती.

मुंबईत कुर्ल्याचा सी. एस. टी. रोड म्हणजे जुन्या मोटारींच्या अवयवांची पेढी. बाहेरचे लोक या नावाचा संबंध बोरीबंदरच्या स्टेशनशी जोडतात. खरं म्हणजे ही अक्षरं 'सेंट्रल साल्सेट ट्रामवे'ची. १९२८ ते १९३४ या काळात तुर्भ्याहून, म्हणजे ट्रॉम्बेहून, कुर्ल्यावरून अंधेरीला एक आगगाडी जायची, तिची ही आठवण. रूळ उखडले गेले, नाव रस्त्याला राहिलं. मोडीत निघालेल्या गाडीचं नाव धारण करणाऱ्या रस्त्यावर मोडीत निघालेल्या गाड्यांचाच बाजार भरावा, ही गंमत मला जाता जाता नोंदवावीशी वाटते.

तिथे दारं दारांवर रचून ठेवलेली. इंजिनं एकीकडे, दिव्यांच्या भिंती दुसरीकडे. एस्टेटची डिकी म्हटल्यावर दहापैकी नऊ दुकानदारांनी हात हलवले. दहाव्याने पोराला माळ्यावर पाठवलं. निळ्या रंगाचं दार खाली आलं. आमची गाडी पांढरी. पण रंग ही शेवटची गोष्ट. जुनं दार घेताना काय पाहायचं, याची यादी मिस्त्रींनी मला वहीच्या पानावर लिहून दिली होती. ती सर्वांच्या उपयोगाची आहे.

पहिलं, दार त्याच गाडीचं आणि त्याच बनावटीचं हवं. बिजागऱ्यांची भोकं, कुलपाची जागा आणि काचेचा आकार हे मापून घ्यायचं. 'थोडं घासलं की बसेल' असं कोणी म्हणालं की तिथून निघायचं. दुसरं, खालची घडी. दाराच्या आत पाणी शिरतंच, ते जायला खाली बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी साचतं आणि पत्रा आतून खातं. म्हणून बाहेरचा रंग पाहून भुलायचं नाही. घडीवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून पाहायचं. तिसरं, लोहचुंबक. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचं. जिथे ते चिकटत नाही, तिथे खाली लांबी भरलेली. मी घरून मुलीचं फ्रिजवर लावायचं फुलपाखरू नेलं होतं. पन्नाशीचा माणूस निळ्या पत्र्यावर फुलपाखरू फिरवतोय हे पाहून दुकानातली पोरं हसली. पण फुलपाखरू सगळीकडे चिकटलं.

चौथं आणि महत्त्वाचं, माल कुणाचा हे विचारायचं आणि पावती घ्यायची. सुट्या भागांच्या बाजारात चोरीचा मालही फिरतो आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे. स्वस्तात मिळालं म्हणून आपण डोळे मिटतो, पण आपलीच गाडी उद्या चोरीला गेली तर तिचे तुकडे असेच कुणीतरी डोळे मिटून घेईल. या दुकानदाराने वही काढली. कोकणातून मोडीत आलेल्या गाडीचा माल, अशी नोंद होती. त्याने पावती करून दिली. दारावरच्या काचेत त्या मूळ गाडीचा क्रमांक कोरलेला होता. चोराला काच बदलायला लागावी म्हणून लोक तसा कोरून घेत. दुकानदार स्वतःच म्हणाला, "काच तुमचीच लावा, नाहीतर रस्त्यात पोलिसाने विचारलं तर सांगत बसाल." आठ हजारांवरून साडेपाचांवर सौदा झाला. पोत्यात आणि जुन्या गोधडीत गुंडाळलेलं दार ट्रान्सपोर्टने कऱ्हाडला आलं.

मिस्त्रींनी दाराचं आतलं अस्तर काढलं. त्या प्लास्टिकच्या खुंट्या थंडीत तुटतात, म्हणून दार उन्हात ठेवून मग हलक्या हाताने उचकटायच्या. अस्तर निघालं आणि आतून भुरभुरत लाल माती पडली. बारीक, मैद्यासारखी, कोपऱ्याकोपऱ्यांत वाळून बसलेली. मिस्त्री म्हणाले, "ही गाडी पाण्यात बुडालेली हाय." पत्नी चहा घेऊन आली होती. तिने वाकून ती माती बोटावर घेतली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा तिचं माहेर पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर आठ दिवस ती तिथे हाच गाळ उपसत होती. कपाटांतून, पुस्तकांतून, शिलाई मशीनच्या खणांतून. "ही आमच्याकडचीच असणार," ती म्हणाली. असेल किंवा नसेल. त्याच दिवसांत महाडलाही सावित्रीचा पूर आला होता. पण त्या दिवसापासून 'भंगारात द्या' हे वाक्य घरात पुन्हा ऐकू आलं नाही.

पुरातल्या गाडीचा पत्रा चालतो, पण तो नीट धुऊन, वाळवून घ्यावा लागतो. पुरातल्या गाडीची वायर मात्र कधीही वापरू नये. वरून ती ठीक दिसते, आत तांबं हिरवं पडलेलं असतं. दार नळाखाली धुतलं, खालची भोकं तारेने मोकळी केली, दोन दिवस कडक उन्हात ठेवलं. आतून गंजरोधक मेण फवारलं. मग प्रायमर आणि रंग. रंगाचंही एक मर्म आहे. डब्यावरचा पांढरा आणि अठ्ठावीस वर्षं ऊन खाल्लेला पांढरा, हे दोन वेगळे रंग. रंगारी कॅटलॉग घेऊन आला होता. मिस्त्रींनी त्याला गाडीच्या बाजूचा पत्रा पॉलिश करून दाखवला आणि म्हणाले, "ह्याच्याशी जुळव." दार गाडीला लावण्याआधी रंगवलं की काठ आणि आतल्या घड्याही रंगतात. लावल्यावर रंगवलं तर त्या कोऱ्या राहतात आणि गंज तिथूनच परत येतो.

आता जुनं दार उतरवणं. सर्वांत आधी बॅटरीचं टोक काढायचं. नंतर दारात जाणाऱ्या वायरी. छप्पर आणि दार यांच्यामध्ये रबराची एक लवचीक नळी असते, तिच्यातून त्या जातात. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, त्यामुळे वायर तुटते ती बहुधा याच नळीत. मागचा दिवा लागत नाही म्हणून लोक बल्ब बदलत बसतात आणि दोष इथे असतो. वायर ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला एक लांब सुतळी बांधायची. वायर बाहेर आली की सुतळी तिच्या वाटेत राहते. नव्या दारात तशीच सुतळी ओवून वायर परत खेचून घ्यायची. पायजम्याची जुनी नाडी काढण्याआधी तिला नवी बांधतात, तसंच हे. एवढं एक काम मला आधीपासून येत होतं.

मग शॉकर. दार वर धरून ठेवणाऱ्या त्या दोन काळ्या नळ्या. त्यांच्यात स्प्रिंग नसते. फार मोठ्या दाबाने भरलेला नायट्रोजन वायू आणि थोडं तेल असतं. दांडी आत दाबली की वायू आणखी दाबला जातो आणि तोच मग दार वर ढकलतो. वर्षानुवर्षांत वायू झिरपून जातो. मग दार थंडीच्या सकाळी डोक्यावर येतं. आमच्या दाराला दोन वर्षं काठीचा टेकू होता. मी तो विनोदाने सांगायचो, पण दाराखाली मान घालून सामान काढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्यात विनोद काही नाही. शॉकर जोडीनेच बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवला की दार पिळलं जातं. बसवताना दार बंद असता दांडी खाली येईल असे बसवावेत, म्हणजे आतलं तेल तिथल्या रबरावर राहतं आणि वायू लवकर झिरपत नाही. आणि जुने शॉकर कधीही भोक पाडून किंवा जाळून मोडू नयेत. आतला दाब माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

शॉकर काढण्याआधी दाराला लाकडाचा पक्का टेकू हवा आणि दोन्ही बाजूंना दोन माणसं हवीत. काचेसकट दार बरंच जड असतं, ते एकट्याचं काम नव्हे. बोल्ट सैल करण्याआधी बिजागरीभोवती पेनने रेघ मारून ठेवली, म्हणजे नवं दार निदान ओळखीच्या जागेवर येतं. गंजलेल्या बोल्टना आदल्या रात्रीच तेल पाजलं होतं. काचेसाठी मात्र काचवाल्याला बोलावलं. काही गाड्यांत काच रबरात बसवलेली असते, काहींत चिकटवलेली. ही काच कडक केलेली असते. एका कोपऱ्यावर नेमका टोला बसला तर सगळीच खडीसाखरेसारखी चुरा होते. भाईजानच्या नावाची काच एका दारातून निघून दुसऱ्या दारात जाईपर्यंत मी अंगणात फेऱ्या मारत होतो.

नवं दार लावताना मिस्त्रींनी एक युक्ती केली. चौकटीवरची कुलूप अडकायची कडी त्यांनी आधी काढूनच टाकली. का? दार वाकडं असताना कुलूप चुकून अडकलं, तर ते उघडता उघडत नाही, आणि आत शिरायला दुसरी वाट सीटवरून रांगत जाण्याची. कडी नसली की दार कितीही वेळा मिटून पाहता येतं. बिजागरीचे बोल्ट हातानेच आवळायचे, दार अलगद मिटायचं, मग चारी बाजूंची फट पाहायची. ती मोजायला त्यांच्याकडे उपकरण नव्हतं. दोन रुपयांची नाणी एकावर एक ठेवून त्यांनी वरून, डावीकडून, उजवीकडून फट सारखी करत आणली. दार काढा, घाला, ढकला, पुन्हा पाहा. त्यात दुपार गेली. मग बोल्ट घट्ट केले आणि शेवटी कडी लावली. तीही पुढेमागे सरकवून. कडी दाराला फार खेचून घेत असेल तर पत्रा ताणतो, सैल असेल तर दार खडखडतं. कडी दारासाठी बसवायची असते, दार कडीसाठी वाकवायचं नसतं. आधीच्या ठोकाठोकीत नेमकं उलटं झालं होतं.

चौकटीवर रबराची नवी बीडिंग लावली. नव्या दाराला जुनं, चपटं झालेलं रबर म्हणजे नव्या शेरवानीवर जुनी चप्पल. जोड खालच्या बाजूला, मधोमध घेतला. आणि मग परीक्षा. त्या कुणालाही घरी करता येतील अशा आहेत, म्हणून सांगतो.

कागदाची पट्टी दारात धरून दार मिटायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथे दार बसलेलं नाही. अशी सगळीकडे वीतभर अंतराने पाहणी. दुसरी, बीडिंगवर खडू घासून दार मिटायचं, उघडल्यावर दारावर खडूची रेघ अखंड उमटली पाहिजे. तिसरी रात्रीची. एकाने डिकीत बसून आतून बॅटरीचा प्रकाश काठावर फिरवायचा, दुसऱ्याने बाहेर अंधारात उभं राहून प्रकाश कुठे फुटतो का पाहायचं. डिकीत बसायचं काम मुलीने आनंदाने केलं. चौथी पाण्याची, नळी लावून. पाचवी मिस्त्रींची स्वतःची. गाडी उभी, इंजिन बंद, काचा मिटलेल्या, आणि आतला पंखा बाहेरची हवा आत घेत जोरात चालू. म्हणजे आतला दाब वाढतो. बाहेरून दाराच्या काठालगत पेटती उदबत्ती हळूहळू फिरवायची. फट असेल तिथे आतली हवा बाहेर फुंकली जाते आणि धुराची रेघ थरथरते. डाव्या खालच्या कोपऱ्यात ती किंचित थरथरली. कडी अर्धं सूत आत घेतली. पुन्हा उदबत्ती. धूर सरळ वर गेला.

रंग, बीडिंग, शॉकर, काचवाला आणि मजुरी धरून सगळा खर्च पंधरा हजारांच्या घरात गेला. व्यवहारी माणूस विचारील, अठ्ठावीस वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च कशाला? प्रश्न बरोबर आहे. कधी ना कधी ती पासिंगला नापास होईल किंवा मलाच ती झेपेनाशी होईल. तेव्हा मी ती रीतसर मोडीत देईन, आणि माझ्या आधीच्या त्या अनोळखी मालकासारखंच तिचं एखादं दार कुणाच्या तरी उपयोगी पडावं, अशी इच्छा ठेवीन. पण जोवर ती रस्त्यावर आहे, तोवर तिच्यात बसणारं माणूस सुखरूप असलं पाहिजे. गाडी जुनी असणं हा गुन्हा नाही. जुनी आहे म्हणून वास येणारच, दार खडखडणारच, असं म्हणत राहणं, ही चूक माझी होती.

त्याच वर्षी जूनमध्ये बकरी ईदला आम्ही चिपळूणला निघालो. कोयनानगर सोडलं आणि पाऊस सुरू झाला. कुंभार्ली घाटात धुकं, खिडक्या बंद. मी आरशातून सारखा मागे बघत होतो, रस्त्याकडे नव्हे, मुलीकडे. वळणामागून वळण गेलं. अर्ध्या घाटात ती म्हणाली, "अब्बा, गाडी थांबवा ना."

माझ्या छातीत धस्स झालं. मी गाडी कडेला घेतली, मागे वळलो. ती काच पुसून बाहेर बोट दाखवत होती. एक म्हातारी छत्रीखाली शेगडी मांडून मक्याची कणसं भाजत होती.

आम्ही तिघंही उतरलो. पाऊस जोरात आला तेव्हा मागचं दार वर केलं आणि त्याच्याखाली उभं राहून कणसं खाल्ली. दार टेकूशिवाय वर राहिलं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)